‘बहरी’ : पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी निगडित एक राजोपनाम

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे आज तालुक्याचे गाव आहे. गोदावरीच्या उत्तरेकडील काळ्या, कसदार जमिनीच्या पट्ट्यात ते वसलेले आहे. देवगिरीसारखा दुर्ग तेथे नाही, चौलासारखे बंदर असण्याचा प्रश्नच नाही. तरीही सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावासाठी अहमदनगरचा निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादशहा यांच्यात दोनदा युद्ध पेटले. लढाईचे जे कारण इतिहासकार फिरिश्त्याने नोंदविले आहे ते दख्खनच्या राजकीय इतिहासात दुर्मिळ म्हणावे असे आहे. अहमदनगरच्या सुलतानाला पाथरी हवी होती, कारण ते त्याच्या पूर्वजांचे गाव होते, आणि ते पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते.

या कथेशी एक शब्द निगडित आहे. अहमदनगरच्या सुलतानांस फिरिश्ता ‘निजामशाह बहरी’ असे म्हणतो. ‘निजामशाह’ हा ‘निजाम-उल-मुल्क’ या पदवीवरून आलेला भाग सर्वांस परिचित आहे. ‘बहरी’ कोठून आला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी खोलात जाऊन तपासलेला दिसत नाही. इतिहासाचे अभ्यासक तो एक किस्सा म्हणून सांगतात आणि पुढे जातात. भाषेचे अभ्यासक राजवंशांच्या नावांकडे क्वचितच वळतात. वस्तुतः निजामशाहीच्या मूळ पुरुषाविषयीचा वाद या एका शब्दाच्या व्युत्पत्तीवर बराचसा अवलंबून आहे.

प्रथम फिरिश्त्याची हकीगत पाहावी. मुहम्मद कासिम फिरिश्ता याचे बालपण व तारुण्य अहमदनगरच्या दरबारात गेले. १५८९ मध्ये तो विजापुरास आला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. म्हणजे ज्या घराण्याबद्दल तो लिहितो त्या घराण्याचे मीठ त्याने खाल्ले होते, आणि लिहिताना मात्र त्या घराण्याची त्याला भीती उरली नव्हती. साक्षीदार म्हणून ही स्थिती बरीच अनुकूल आहे. तो सांगतो की, अहमदशहा वली बहमनी (१४२२–१४३६) याच्या सैन्याने विजयनगरच्या मुलखातून तिमाप्पा नावाचा एक ब्राह्मणाचा मुलगा पकडून आणला. त्याच्या बापाचे नाव भैरू. मुलाला मुसलमान करून त्याचे नाव हसन ठेवण्यात आले, आणि त्याची बुद्धी पाहून सुलतानाने त्याला आपल्या शाहजाद्याचा सोबती केले. फारसी आणि अरबी या दोन्ही भाषांत तो पारंगत झाला. बापाच्या नावावरून त्याला ‘हसन भैरू’ म्हणत. पण शाहजाद्याच्या जिभेला ‘भैरू’ हा उच्चार जमेना, म्हणून तो ‘बहरी’ म्हणू लागला आणि तेच नाव रूढ झाले. ‘बहरी’ म्हणजे ससाणा; पुढे हसनकडे शिकारी पक्ष्यांचा कारखाना सोपविण्यात आला, त्यामुळे नाव आणि काम यांचा मेळ बसला.

हाच हसन पुढे मलिक नाईब निजाम-उल-मुल्क झाला. १४८१ मध्ये महमूद गावान या वजिराचा जो शिरच्छेद झाला, त्यामागील कारस्थानात त्याचा हात होता. १४८६ मध्ये बीदर येथे तो स्वतः मारला गेला. त्याचा पुत्र मलिक अहमद जुन्नर येथे होता. १४९० मध्ये त्याने बहमनी सैन्याचा पराभव करून स्वतंत्र सत्ता स्थापली आणि १४९४ मध्ये अहमदनगर शहर वसविण्यास प्रारंभ केला.

या हकीगतीत कालाचा एक घोळ आहे, तो दृष्टीआड करून चालणार नाही. अहमदशहा १४३६ मध्ये वारला. ज्याच्या कारकिर्दीत हसन मोठा सरदार झाला तो तिसरा मुहम्मदशहा १४६३ मध्ये गादीवर बसला तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. म्हणजे अहमदशहा वारला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. तेव्हा उच्चार न जमणारा शाहजादा हा तिसरा मुहम्मद असेल तर त्याचा आणि हसनचा बाळपणीचा सहवास संभवत नाही. आणि तो दुसरा कोणी असेल तर कथेतील ‘सोबत्याच्या कृपेने वर चढलेला गुलाम’ हा दुवा निखळतो. फिरिश्ता शंभराहून अधिक वर्षांनी लिहीत होता. ऐकीव कथांत पिढ्या अशा एकमेकींत मिसळतात. पण कथेतील शाहजादा काल्पनिक ठरला तरी नावाचे काय, हा प्रश्न उरतोच. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, शाहजाद्याची बोबडी जीभ ही या कथेतील सर्वांत अनावश्यक गोष्ट आहे.

‘भैरव’ या शब्दाचे मराठीत ‘बहिरव’, ‘बहिरो’, ‘बहिरी’ असे होणे हे मराठीच्या ध्वनिस्वभावास धरूनच आहे. त्यासाठी कोणा परभाषी राजपुत्राची गरज नाही. ‘भ’ या महाप्राण व्यंजनातील हकार सुटा होऊन पुढच्या स्वरात जाणे, आणि उलट सुटा हकार मागच्या व्यंजनात मिसळून ‘भ’ होणे, अशा दोन्ही क्रिया मराठीत व तिच्या बोलींत आढळतात. संस्कृत ‘भगिनी’पासून प्राकृतात ‘बहिणी’ झाले. मराठीत ‘बहीण’ प्रतिष्ठित ठरले, परंतु खेड्यापाड्यांतून ‘भैण’ ऐकू येते. ‘बधिर’पासून ‘बहिरा’ झाला, आणि बोलींत तोच ‘भैरा’ होतो. ‘बाहेर’ हा शब्द कोकणात ‘भायेर’ असा उच्चारला जातो. म्हणजे ‘भै’ आणि ‘बहि’ या दोन रूपांमध्ये मराठी भाषक शतकानुशतके ये-जा करीत आला आहे.

देवनामांत आणि व्यक्तिनामांत तर याचे दाखले विपुल आहेत. बहिरोबा हा ग्रामदेव भैरवच होय. रत्नागिरीचे ग्रामदैवत भैरी. आणि सह्याद्रीच्या त्याच रांगेत कर्जतजवळच्या ढाकच्या कड्यात जो देव बसला आहे तो बहिरी. देव एकच, पण एका ठिकाणी हकार ‘ब’ला चिकटलेला आहे व दुसऱ्या ठिकाणी सुटलेला आहे. वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यात बहिरम नावाच्या देवाची मोठी यात्रा भरते. त्याचेही मूळ भैरवच मानले जाते. शाहू महाराजांचा जो पेशवा १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत पडला, आणि ज्याच्यामागून बाळाजी विश्वनाथाकडे पेशवेपद आले, त्याचे नाव बहिरोपंत पिंगळे. शिवकालातील बहिर्जी नाईक याच्या नावाचे मूळही येथेच असावे. कोकण, देश आणि वऱ्हाड अशा तिन्ही भागांत ही रूपे मिळत असता, पाथरीच्या एका भैरवभटाचा ‘बहिरी’ होण्यास बीदरच्या राजवाड्यापर्यंत जावे लागले असे मानण्याचे कारण नाही. बहुधा घरातच त्याला ‘बहिरो’ किंवा ‘बहिरी’ म्हणत असावेत, आणि मुलाने आपल्या बापाचे नाव जसे ऐकले होते तसेच सांगितले असावे. अंत्य ‘ई’विषयी दोन शक्यता राहतात. ढाकच्या देवाप्रमाणे तो मराठीतलाच असेल, किंवा फारसीतील संबंधदर्शक ‘ई’ लागून ‘बहिरचा तो बहिरी’ असे झाले असेल. या दोहोंत निवड करण्याइतका पुरावा हाती नाही, आणि निर्णयास त्याची आवश्यकताही नाही.

मुलाचे व बापाचे नाव शेजारी ठेवून पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिमाप्पा हे नाव कानडी आहे; तिम्मप्प म्हणजे तिरुपतीचा वेंकटेश. बाप भैरू, मुलगा तिमाप्पा. फिरिश्ता सांगतो की घराणे मूळचे पाथरीचे, काही कारणाने विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिलेले. एका पिढीत गोदातीरास शोभणारे नाव आणि पुढच्याच पिढीत तुंगभद्रेकडचे नाव, हे स्थलांतरित कुटुंबात नेहमी दिसणारे लक्षण आहे. अर्थात हा पुरावा ताणू नये. भैरव कर्नाटकातही पूज्य आहे, भैरप्पा हे नाव तेथे सर्रास आढळते. त्यामुळे केवळ बापाच्या नावावरून त्याला मराठी ठरविता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की, नावे फिरिश्त्याच्या कथेशी विसंगत नाहीत, आणि कथा रचणाऱ्याला असा बारकावा सहसा सुचत नाही.

आता ससाण्याकडे वळावे. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र. त्यावरून ‘बहरी’ म्हणजे समुद्राचा, आणि शिकारी पक्ष्यांच्या परिभाषेत एका जातीचा ससाणा. फारसी लिपीत हकारासाठी दोन निरनिराळी अक्षरे आहेत. ‘बहर’मध्ये येतो तो हाय-हुत्ती, कंठातून घोगरा निघणारा अरबी हकार, भारतीय शब्द लिहिताना वापरतात तो हाय-हव्वज, साधा हकार. अरब या दोहोंत भेद करतो. इराणी आणि दख्खनी मनुष्य बोलताना करीत नाही. त्यामुळे ‘बहिरी’ हा मराठी शब्द दरबारी लेखनिकाच्या कानावर पडला तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग होते. साध्या हकाराने लिहावे तर तो एका काफर ब्राह्मणाच्या नावाचा अपभ्रंश राहणार. हाय-हुत्तीने लिहावे तर तो एकदम राजांच्या मनगटावर बसणारा पक्षी होणार. त्याने दुसरा मार्ग पत्करला. उच्चारात काहीच बदल झाला नाही. केवळ एका अक्षराच्या निवडीने नावाची जात बदलली.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदवावीशी वाटते. हाच पक्षिवाचक शब्द उत्तर हिंदुस्थानात गेला तेव्हा त्याचे बरोबर उलट रूपांतर झाले. टॉमस जर्डन याने १८६२ मध्ये हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात या ससाण्याचे देशी नाव ‘भैरी’ असे दिले आहे. म्हणजे इकडे भैरवाचा बहिरी झाला आणि तिकडे बहरीचा भैरी. मराठीत ‘बहिरी ससाणा’ हे नाव आजही पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी आहे. पुष्कळांना तो ऐकू न येणारा पक्षी वाटतो. देव, पक्षी आणि कानांचे वैगुण्य हे तीन सर्वस्वी भिन्न मूळ असलेले शब्द मराठीत एकाच ध्वनिरूपाला येऊन मिळाले आहेत. अशा ठिकाणी लोकव्युत्पत्ती फोफावली नाही तरच नवल.

उपनाम खरोखरीच श्येनपालनाच्या पदावरून पडले असेल तर त्याचा इतिहास कसा असतो, हे पाहण्यासाठी स्कॉटलंडमधील एका घराण्याचे उदाहरण उपयोगी पडेल. ‘फॉकनर’ या स्कॉटिश आडनावाचा अर्थच मुळी श्येनपालक. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम द लायन या राजाच्या पदरी श्येनपालक असलेला पुरुष हा या घराण्याचा मूळ पुरुष, अशी परंपरा आहे. त्यांच्या जमिनीचे नाव हॉकर्टन, त्यातही ससाणा आहेच. या कुळातील अलेक्झांडर फॉकनर याला १६४६ मध्ये लॉर्ड ही पदवी मिळाली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याची आई कॅथरिन ही फॉकनरांचीच कन्या. तिचा बाप सर डेव्हिड फॉकनर स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा अध्यक्ष होता. याच आडनावाचा विल्यम फॉकनर (१७३२–१७६९) हा खलाशी-कवी होता. ह्यू फॉकनर (१८०८–१८६५) याचा तर हिंदुस्थानाशी निकट संबंध आला. सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक असताना त्याने कॉटलीच्या सोबतीने शिवालिक टेकड्यांतील अश्मीभूत प्राण्यांचे जे संशोधन केले, त्याबद्दल दोघांना १८३७ मध्ये वोलास्टन पदक देण्यात आले. आयन कीथ-फॉकनर (१८५६–१८८७) हा अरबीचा पंडित. ‘कलीला व दिम्ना’ या ग्रंथाच्या सिरियाक संहितेचे त्याने इंग्रजी भाषांतर केले, म्हणजे आपल्या पंचतंत्राच्या परदेशातील वंशवृक्षाची एक फांदी त्याने उजेडात आणली. एडनजवळ तो अकाली वारला. ‘बहरी’ या अरबी शब्दाची उकल याच आडनावाच्या या पंडिताला विचारली असती तर ती त्याने क्षणात केली असती. भैरवाचा मात्र त्याला पत्ता लागला नसता.

फॉकनरांच्या आडनावात पद आधी आहे, मग जमीन, मग वंश. शब्दाचा अर्थ कोणी लपविला नाही आणि कोणाला तो नव्याने शोधावाही लागला नाही. बहरींचा क्रम याच्या उलटा आहे. येथे बापाचे नाव आधी, मग त्याच्याशी जुळणारे पद, आणि शेवटी पदाच्या आधारे नावाचा नवा अर्थ. हसनकडे ससाण्यांचा कारखाना खरोखर होता की नाही, हेही निश्चयाने सांगता येत नाही. नावाचा अर्थ लावण्यासाठी ते पद मागाहून त्याच्या चरित्रात घातले गेले असण्याचाही संभव आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ शब्दापुरते नाही. निजामशाहीच्या उगमाची एक दुसरी हकीगतही आहे. दुसऱ्या बुर्हाण निजामशहाच्या (१५९१–१५९५) आश्रयास असलेल्या सय्यद अली तबातबाई याने ‘बुर्हान-ए-मआसिर’ हा इतिहास लिहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मलिक अहमद हा मलिक नाईबाचा औरस पुत्र नव्हेच; तो बहमनी सुलतानाचा पुत्र, मलिक नाईबाने केवळ वाढविलेला. ही हकीगत खरी मानली तर अहमदनगरचे सुलतान बहमनी राजवंशाचे रक्ताचे वारस ठरतात आणि पाथरीच्या कुलकर्ण्यांचा त्यांच्याशी काही संबंध उरत नाही.

दोन्ही ग्रंथकार समकालीन आहेत. एकाने अहमदनगरच्या गादीच्या सावलीत बसून लिहिले, दुसऱ्याने ती गादी सोडून गेल्यावर. एवढ्यावरूनही झुकते माप फिरिश्त्याकडे जाते. पण अशा मनोवृत्तीच्या अनुमानापेक्षा अधिक ठोस गमक म्हणजे हे उपनाम आणि पाथरीचा इतिहास. अहमद बहमनी सुलतानाचा मुलगा असता, तर त्याच्या वंशजांना मलिक नाईबाचे ‘बहरी’ हे उपनाम लागण्याचे प्रयोजन नव्हते. पालनकर्त्याची पदवी राजपुत्र घेईल, कारण पदवी दरबारची असते; पालनकर्त्याच्या बापाचे नाव तो कशाला घेईल? तबातबाईच्या कथेची गरज का पडली, हेही उघड आहे. १५९० नंतर अहमदनगरपुढे मोगलांचे संकट उभे होते. तैमूरच्या वंशजापुढे कुलकर्ण्याचा वंशज म्हणून उभे राहणे आणि बहमनींचा वारस म्हणून उभे राहणे, यात फार अंतर आहे.

आता पाथरीचे प्रकरण. फिरिश्ता सांगतो की, निजामशाही स्थापन झाल्यावर विजयनगरच्या मुलखातले ब्राह्मण नातलग अहमदनगरास आले आणि पाथरीचे वतन परत मिळावे अशी त्यांनी मागणी केली. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. पहिला बुर्हाण निजामशहा सुमारे १५१० मध्ये अल्पवयात गादीवर आला होता. त्याच्या कारभाऱ्यांनी अलाउद्दीन इमादशहाकडे मागणी केली की, पाथरी आम्हांस द्यावी आणि तिच्या बदली तितक्याच किंवा अधिक उत्पन्नाचा दुसरा परगणा घ्यावा. इमादशहाने नकार दिला, आणि पाथरीची तटबंदी मजबूत करण्यास घेतली. १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी जिंकली. पुढे इमादशहाने ती कुतुबशहाच्या मदतीने परत घेतली. १५२७ मध्ये बुर्हाणने पुन्हा हल्ला करून गाव घेतले, तेथील कोट पाडला, आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांच्या स्वाधीन केला.

अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊन कमी उत्पन्नाचे गाव मागणे, हे राज्यविस्ताराच्या हिशेबात बसत नाही. ते वतनाच्या हिशेबात बसते. महाराष्ट्रात वतन म्हणजे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हे. गावातील मान, पानविडा, सणावारी पहिला हक्क, आणि मुख्य म्हणजे ‘आम्ही येथले’ असे म्हणण्याचा अधिकार त्यात गुंतलेला असे. वतन गेलेले कुटुंब चार पिढ्यांनंतरही कागद काढून भांडत असे, हे पेशवे दफ्तर चाळणाऱ्यास सांगावे लागत नाही. पाथरीच्या प्रकरणात विशेष एवढाच की भांडणाऱ्या भाऊबंदांपैकी एक शाखा मुसलमान होऊन राजपदास पोहोचली होती, आणि तिने तोफा लावून वतन सोडवून आणले. धर्म बदलला, भाषा बदलली, पदव्या चढल्या, पण चुलत्यांचा हक्क मान्य राहिला. एका अर्थाने हा निवाडाच होय, फक्त तो गोतसभेत झाला नाही.

ज्या इमादशहाशी हे भांडण झाले त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला कानडी ब्राह्मणाचा मुलगा होता, असे फिरिश्ताच सांगतो. दोन बंदिवान मुलांच्या वंशजांनी गोदावरीकाठच्या एका कुलकर्ण-वतनासाठी एकमेकांशी लढावे, हा योगायोग विलक्षण खरा. पण इमादशाहीकडे ‘बहरी’सारखे बापाच्या नावाचे अवशेष राहिले नाहीत, आणि म्हणून त्यांच्या मूळ गावाचा मागही लागत नाही.

त्या काळची पाथरी अगदीच आडगाव नव्हती, हेही लक्षात ठेवावे. संस्कृत ग्रंथांत तिला पार्थपुर म्हटले आहे. ज्ञानराज हा ज्योतिषी तेथलाच. त्याचा ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ १५०३ च्या सुमाराचा. त्याचा पुत्र सूर्य पंडित याने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीका लिहिल्या, सरळ वाचली असता रामाची व उलट वाचली असता कृष्णाची कथा सांगणारे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही त्याचेच. १५१८ मध्ये निजामशाही फौज गावावर आली तेव्हा सूर्य दहा-अकरा वर्षांचा असावा. (पार्थपुर या रूपाविषयी एक शंका नमूद करण्याजोगी आहे. ‘पुर’चे प्राकृतात ‘उर’ होते. तेव्हा पार्थपुरपासून ‘पाथूर’सारखे काही व्हावयास हवे होते. ‘पाथरी’ हे ‘पाथर’, म्हणजे पत्थर, या शब्दाला ‘ई’ लागून सहज सिद्ध होते. म्हणून पार्थपुर हे पंडितांनी मागाहून चढविलेले संस्कृत वस्त्र असण्याचा संभव अधिक. लेखनिकाने भैरवाचा ससाणा केला, पंडिताने पत्थराचा अर्जुन केला, वृत्ती एकच.)

‘बहरी’ या नावाने संभ्रम होऊ नये म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. इजिप्तमध्ये १२५० ते १३८२ पर्यंत राज्य करणाऱ्या ममलूकांच्या शाखेलाही ‘बहरी’ म्हणतात. पण तेथे ‘बहर’ म्हणजे नाईल नदी, तिच्या बेटावरील छावणीत ते राहत म्हणून ते नाव पडले. गुलाम ते सुलतान हा प्रवास दोन्हीकडे सारखा असला तरी नावाचा संबंध नाही. तसेच ‘मनलगन’ या दखनी काव्याचा कर्ता, गोगीचा काजी महमूद बहरी, याचे ‘बहरी’ हे कविनाम आहे. अहमदनगरशी त्याचे नाते नाही.

अहमदनगरच्या बहरींपैकी मोठे म्हणावे असे पुरुष चार. राज्य स्थापणारा अहमद. चाळीसहून अधिक वर्षे गादीवर असलेला व शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारणारा पहिला बुर्हाण, ज्याच्या दरबारात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता जात असे. १५६५ च्या तालिकोट येथील युद्धात विजयनगरच्या पाडावात भाग घेणारा हुसेन. आणि १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून इमादशाही संपविणारा मुर्तजा. यांपैकी हुसेनची कारकीर्द वाचताना भैरूचा विसर पडत नाही. ज्या विजयनगरच्या मुलखातून त्याचा खापरपणजोबा तिमाप्पाचा बाप म्हणून ओळखला जात होता, ते विजयनगर लुटणाऱ्या सैन्यात हा वंशज उभा होता. फिरिश्त्याने या विसंगतीवर एक शब्दही खर्च केलेला नाही. त्याला ती विसंगती वाटली नसावी, आणि बहुधा हुसेनलाही वाटली नसावी.

मुर्तजाने वऱ्हाड घेतल्यावर पाथरीवरील वाद आपोआप मिटला. सारा प्रांतच निजामशाहीचा झाला. भाऊबंदांकडे पाथरी अकबराच्या काळापर्यंत राहिली असे फिरिश्त्याच्या लेखनावरून दिसते, आणि ते संभवनीय आहे. १५९६ मध्ये अहमदनगरचा वेढा उठविण्यासाठी चांदबीबीने वऱ्हाड मोगलांस देऊन तह केला, त्यात पाथरीही गेली. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत पाथरीचे नाव आढळते. तह टिकला नाही. १५९७ च्या आरंभी खानखानान आणि विजापूरचा सुहेलखान यांच्यात गोदावरीकाठी जी लढाई झाली, ती पाथरीपासून फार दूर नसलेल्या सोनपेठच्या परिसरात. विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा या तिघांच्या फौजा सुहेलखानाबरोबर होत्या. लढाई मोगलांनी जिंकली. त्यानंतर पाथरीच्या कुलकर्ण्यांचे आणि बहरींचे नाते सांगणारा मजकूर फारसी इतिहासांत येत नाही.

१६०० मध्ये अहमदनगर पडले आणि बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. मलिक अंबरने ते राज्य पुन्हा उभे केले. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर हुसेन नावाचा अल्पवयीन सुलतान त्याच ग्वाल्हेरात गेला. शहाजीराजे भोसल्यांनी मुर्तजा नावाचा आणखी एक मुलगा गादीवर बसवून तीन वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीस तोही मोगलांच्या हाती देण्यात आला. त्याच्या नावामागे ‘बहरी’ लिहिण्याइतका अवकाश कोणा इतिहासकाराला मिळाला नाही.